पूजेतून उठवलेली काठी

नवमीच्या दिवशी बिंदुमाधवरावांचा राग सूर्याच्या आधी उगवला होता. बेंगळुरूच्या चामराजपेटेतील त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत चौरंग मांडलेला होता आणि आयुधपूजेसाठी घरातील समस्त लोखंड त्यावर गोळा झाले होते. सरकारी कारखान्याने निवृत्तीच्या वेळी दिलेला व्हर्नियर, पक्कड, पाने, पत्नी तुंगाबाईंची विळी, शिवणयंत्राची कात्री, आणि स्कूटर चौरंगावर मावत नसल्यामुळे तिची किल्ली. झेंडूची फुले शिळी निघाली म्हणून राव चिडले होते. शेजाऱ्यांनी दारात फोडलेल्या कोहळ्याचा अर्धा तुकडा यांच्या पायरीवर आला म्हणूनही चिडले होते. आणि यांपैकी काहीच घडले नसते तरी ते चिडलेच असते. कारण उभा जन्म फोरमनकी केलेल्या माणसाला रागासाठी निमित्त शोधत बसायची सवय उरत नाही.

घरात ज्याचे पोट ज्या वस्तूवर चालते ती वस्तू नवमीला चौरंगावर आलीच पाहिजे, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. एकवार नजर फिरवून सर्व आयुधे हजर असल्याची खात्री करताना त्यांना कोपऱ्यात उभी असलेली काळी, लांबट पेटी दिसली. ती त्यांच्या भाचीची, संहितेची. संहिता नाशिकहून कालच आली होती. ती बिलियर्ड्ससारख्या पूल नावाच्या खेळाची व्यावसायिक खेळाडू; स्पर्धा खेळायच्या आणि उरलेल्या वेळी शिकवण्या घ्यायच्या, यावर तिचा चरितार्थ चाले. शिवाजीनगरातील एका क्लबात त्या दिवशी स्पर्धा होती आणि तीत पहिली येणारी मुलगी थेट राष्ट्रीय स्पर्धेत जाणार होती. संहितेच्या वडिलांनी, श्रीकांतरावांनी, तिला बजावून पाठवले होते, की हे शेवटचे. या खेपेला जमले नाही तर क्यू, म्हणजे खेळायची काठी, माळ्यावर ठेवायची आणि बँकेच्या परीक्षेला बसायचे.

रावांना तो खेळ मुळीच पसंत नव्हता. "वाकायचं आणि काठीनं चेंडू ढोसायचे, यात विद्या कसली?" असे त्यांनी आदल्या रात्री जेवताना सर्वांदेखत विचारले होते. पण नियम तो नियम. पोरीचे पोट या काठीवर चालते ना? मग काठीला मान मिळाला पाहिजे. त्यांनी पेटी उघडली. काठी दोन तुकड्यांची होती आणि मध्ये आटे होते. ते आटे इतके सुबक होते, की क्षणभर रावांचा राग मावळला; त्यांनी दोन्ही तुकडे हलक्या हाताने फिरवून जोडले. मग त्यांचे लक्ष टोकाकडे गेले. टोकाला चामड्याची लहानशी टोपी होती आणि ती निळ्या भुकटीने माखलेली होती.

"आयुध म्हणायचं आणि ही अवकळा!" ते पुटपुटले. चिंच घेऊन त्यांनी ती निळाई घासून काढली, आणि इतर हत्यारांना गंज चढू नये म्हणून जे करीत तेच हिलाही केले. म्हणजे टोकापासून बुडापर्यंत खोबरेल तेल चोळले, चामड्याला तर जरा अधिकच. गंध लावले, कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ गुंडाळली आणि आरती केली.

"मामा, माझी क्यू कुठंय?" केस पुसत बाहेर आलेल्या संहितेने विचारले, आणि चौरंगाकडे पाहून ती जागच्या जागी थिजली. "अहो, हे काय केलंत? टिपला काय लावलंत?"

"खोबरेल. आणि काय लावणार? वंगण?"

"तेल? मामा, त्या टोकाला खडू लागतो! निळा खडू! नाहीतर चेंडूवरून सटकतं ते!" ती हात पुढे करून धावली.

"हात लावू नकोस!" राव गरजले. "पूजेत बसलेलं आयुध दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलत नाही."

"माझी मॅच आज आहे!"

"मग ती उद्या ठेवायला सांग. नवमीला मॅच ठेवतो कोण? नास्तिक!"

"अहो, हिचं वर्ष आहे त्यात," तुंगाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "भावोजींनी काय सांगितलंय ठाऊक आहे ना? स्वल्प विचार करा."

"दुसऱ्या काठीनं खेळ!"

"दुसऱ्याची क्यू म्हणजे दुसऱ्याचा चष्मा," संहिता दात आवळून म्हणाली. "आणि मामा, एक सांगा, देवीनं नवमीला हत्यार खाली ठेवलं होतं का? लढतच होती ना?"

या प्रश्नाने राव अधिकच संतापले. शेवटी तुंगाबाईंनी पुरोहितांना फोन लावला. पुरोहित त्याच वेळी कुठल्याशा गॅरेजात आरती करीत होते. घंटेच्या आवाजातच त्यांनी निर्णय दिला. लढाई चालू असेल तर आयुध उचलता येते; मात्र ज्याने पूजा केली त्याने आयुधाबरोबर राहावे, गंध पुसू नये, आयुध भूमीला टेकवू नये, चामड्याच्या पेटीत घालू नये, आणि दिवेलागणीपूर्वी ते पुन्हा चौरंगावर यावे.

"म्हणजे मी जायचं?" रावांनी विचारले.

"सरी, बरोबर," पुरोहित म्हणाले आणि पुढच्या लॉरीकडे वळले.

याप्रमाणे सोवळ्याच्या उपरण्यात गुंडाळलेली, माळ घातलेली ती जोडलेली काठी रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत शिवाजीनगरकडे निघाली. मार्केटच्या चौकात तिच्या टोकाने एका फुलवाल्याचा गजरा उचलला. फुलवाला ओरडला, राव त्याच्यावर दुप्पट ओरडले, रिक्षावाला दोघांवर ओरडला. संहिता मात्र फोनवरचे घड्याळ पाहत राहिली, आणि ते रावांना सर्वांत उद्धट वाटले.

क्लबाच्या सभागृहात पंच होते संतोषकुमार. गोरेपान, मृदुभाषी, हातात पांढरे मोजे. त्यांनी झेंडूची माळ पाहिली, रावांचे सोवळे पाहिले आणि खुर्ची दिली. खेळ साधा होता. पांढऱ्या चेंडूने मारत रंगीत चेंडू आकड्यांच्या क्रमाने टेबलाच्या कडेच्या भोकांत घालायचे. नववा जिने घातला तिचा डाव. "नवग्रह आणि भोकात?" राव पुटपुटले, पण पुढचा प्रसंग त्याहून भीषण होता. आपली पाळी संपताच संहितेने सवयीप्रमाणे काठीचे बूड जमिनीला टेकवले.

"उचल!" सभागृहाची भिंत हादरली. पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी नेम चुकला.

"मामा, हळू! सगळे असंच उभे राहतात."

"सगळ्यांच्या काठ्यांची पूजा झालेली नाही. दे इकडे!"

तेव्हापासून अशी व्यवस्था झाली, की संहितेची पाळी संपली की काठी रावांच्या हाती. राव ती दोन्ही हातांनी उभी धरून दरबारातल्या चोपदारासारखे ताठ बसत. लोक फोटो काढू लागले. राव प्रत्येकाकडे जळजळीत पाहत, आणि त्यामुळे फोटो अधिकच चांगले येत.

खरी विटंबना निराळीच होती. पहिल्याच फटक्याला टोकावरचे कुंकू पांढऱ्या चेंडूला लागले. संतोषकुमारांनी चेंडू उचलून मोज्याने पुसला. दुसऱ्या फटक्याला पुन्हा टिळा, पुन्हा पुसणे.

"गंध पुसायचं नाही, सांगून ठेवतो!" राव उभे राहिले.

"सर, काठीवरचं राहू द्या," संतोषकुमार हात जोडून म्हणाले. "पण चेंडूची पूजा तुम्ही केली नाही ना? तो क्लबचा आहे."

हा मुद्दा बिनतोड होता. राव बसले आणि मनातल्या मनात पंचाला लाखोली वाहू लागले.

संहितेची अवस्था मात्र खरोखर कठीण होती. तेल प्यायलेले चामडे खडू धरीना. चेंडूला बाजूने फिरकी द्यायला गेली, की 'टक्' असा कोरडा आवाज होई आणि पांढरा चेंडू भलतीकडे पळे. पहिला डाव ती हरली. दुसऱ्यात तिने ओठ घट्ट मिटले, फिरकीचा नाद सोडला आणि चेंडूच्या बरोबर मध्यावर, शाळकरी मुलीसारखे सरळ, साधे फटके मारू लागली. असा खेळ तिने कित्येक वर्षांत खेळला नव्हता. घाम पुसत, रावांकडे न पाहता, ती कशीबशी तो सामना आणि त्यापाठोपाठ उपांत्य सामनाही जिंकली.

"जिंकलीस की! उगाच तेलाच्या नावानं ओरडत होतीस," राव म्हणाले.

"मामा," संहिता म्हणाली, "कृपा करून माझ्याशी अंतिम सामना होईपर्यंत बोलू नका."

अंतिम सामन्यात तिच्यासमोर श्वेता होती. बेंगळुरूचीच, जुन्या मराठी घरातली. पांढऱ्या चेंडूला भोवऱ्यासारखी फिरकी देण्याबद्दल तिची ख्याती होती. मध्यंतरात ती रावांजवळ आली आणि माळेकडे निरखून पाहू लागली.

"अंकल, ही क्यू पूजेतली आहे?"

"होय. का?"

"आणि तुम्ही आज काढलीत?"

"पुरोहितांना विचारून काढली. काय म्हणणं आहे?"

श्वेताचा चेहरा लाल झाला. "म्हणजे काढता येते! आणि आमच्या तातांनी, आजोबांनी, माझी क्यू पूजेत ठेवून खोलीला कुलूप घातलंय! मी सकाळपासून मैत्रिणीची क्यू घेऊन मरतेय!" आणि ती फोन घेऊन बाहेर गेली. तिच्या आवाजाने बाहेरच्या कावळ्यांनीही जागा बदलली.

तिचे आजोबा, सुब्बाराव, जवळच राहत होते. सामना सुरू होण्यापूर्वी ते धोतर आणि गंधासह सभागृहात अवतीर्ण झाले. क्यू त्यांनी आणली नव्हती. आणला होता तो केवळ संताप.

"कोण हो ते, पूजेतलं आयुध बाहेर काढणारे?"

"मी! पुढं बोला!"

"अय्यो! नवमीला? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पुरोहितांनी!"

"कुठले पुरोहित?"

"चामराजपेटेचे!"

"तेच म्हणतो मी! चामराजपेटेत सगळं चालतंय!"

एवढा अपमान रावांनी सहन करणे शक्यच नव्हते. ते काठीसकट उभे राहिले. "अहो, नात लढायला निघाली आणि तुम्ही तिचं हत्यार झेंडूखाली दडपून ठेवलंत? देवीनं नवमीला हत्यार खाली ठेवलं होतं का, सांगा!"

संहितेने चमकून वर पाहिले. हे वाक्य कुणाचे, हे तिला ठाऊक होते; रावांना मात्र ते जन्मापासून आपलेच आहे असे वाटत होते.

सुब्बाराव गडबडले, पण हटले नाहीत. "बोलायला काय जातंय, अण्णा? तुमच्या पोरीच्या हातात तिचं स्वतःचं आयुध, आमच्या पोरीच्या हातात उसनी काठी. असल्या सामन्यात जिंकणार तुम्हीच! शाबास!"

रावांच्या मिशा थरथरल्या. त्यांना आयुष्यात अनेक नावे ठेवली गेली होती. परंतु अन्यायाने जिंकणारा असे कुणी म्हटले नव्हते.

"बिंदुमाधव असली जीत घरात घेणार नाही!" त्यांनी काठी उंच धरली. "एका वेळी एकच पोरगी खेळते ना? मग दोघीही हिनंच खेळतील. पंच, आहे का याविरुद्ध काही नियम?"

संतोषकुमारांनी बराच विचार केला. "नियम... नाही, सर. असं कुणी कधी विचारलंच नाही."

"मामा!" संहितेचा आवाज फाटला. "माझी क्यू! खेळाडू स्वतःची क्यू सख्ख्या बहिणीला देत नाहीत! मी हरले तर बाबा मला बँकेत बसवणार, कळतंय का तुम्हाला?"

"बस बँकेत! पण जिंकायचंच तर बरोबरीनं जिंक!"

संहितेने डोळे मिटून घेतले. भरसभेत नाही म्हणणे शक्य नव्हते. "द्या," ती म्हणाली. आणि ज्या स्वरात म्हणाली, तो स्वर मामाकडूनच आलेला होता.

सामना सुरू झाला. काठी एकीकडून रावांकडे आणि रावांकडून दुसरीकडे अशी फिरू लागली. श्वेताने ती हातात तोलून पाहिली, प्रसन्न हसली, वाकली आणि आपली प्रसिद्ध फिरकी मारली.

'टक्.'

पांढरा चेंडू आडवा पळाला. श्वेताने टोकाकडे पाहिले, खडू लावला, पुन्हा लावला. पुढच्या पाळीला पुन्हा 'टक्'. तिचा हात फिरकीचाच. सरळ मारायला गेली तरी सवयीने मनगट वळे आणि तेलकट टोक सटके. संहिता मात्र सकाळपासून त्याच टोकाशी भांडत आली होती. ते कुठे ऐकते आणि कुठे फसवते, हे तिच्या बोटांना पाठ झाले होते. ती मध्यावर मारीत राहिली. एकामागून एक चेंडू निमूटपणे भोकांत जात राहिले. शेवटच्या डावात नववा चेंडू कोपऱ्यात पडला तेव्हा सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि राष्ट्रीय स्पर्धेची जागा संहितेची झाली.

सुब्बाराव सावकाश उठले. त्यांनी रावांच्या हातातील काठीचे टोक अंगठ्याने चोळले, हुंगले, आणि त्यांच्या मुद्रेवर एक विलक्षण आदर पसरला.

"खोबरेल!" ते म्हणाले. "आता कळलं, अण्णा. तुमच्या पोरीला सकाळपासून तेलाची सवय, आमचीला नाही. आणि आम्हाला म्हणता, बरोबरीनं! काय डाव टाकलात हो!"

"डाव? कसला डाव? मी न्याय केला!"

"सरी, सरी. न्यायच म्हणू या," सुब्बाराव डोळा मिचकावून म्हणाले.

तेवढ्यात संहिता धावत आली आणि तिने मामांना मिठी मारली. तिचे डोळे भरले होते. "मामा, मी उगाच ओरडले तुमच्यावर. मला वाटलं होतं, तुम्हाला या खेळातलं काही कळत नाही!"

"कळतच नाही!" राव गरजले. "शपथेवर सांगतो, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही! मी कपटी नाही! ऐका सगळे!"

सगळ्यांनी ऐकले आणि अधिक जोराने टाळ्या वाजवल्या. संतोषकुमारांनी मोजे काढून नम्रपणे हात जोडले. "मोठे खेळाडू असंच बोलतात, सर."

राव पुन्हा गरजणार, तोच श्वेता डोळे पुसत पुढे आली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "अंकल, तुमचा क्लास कुठं असतो?"