गाडी गप्प झाली पाहिजे

रविवारी सकाळी शेजाऱ्याने हाक मारली तर माणूस काय समजतो? चहा असेल, किंवा फार तर पत्त्यांना चौथा भिडू हवा असेल. आमच्या सातपूरच्या कॉलनीत मात्र खैरनार आप्पांची हाक आली की समजायचं, आज आपल्याला गाडीच्या डिकीत बसायचं आहे. बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला लावून आणि एक कान पत्र्याला चिकटवून आडवं व्हायचं. मग आप्पा वरून दार लावणार, गाडी चालू करणार आणि कॉलनीतल्या खड्ड्यांतून फेऱ्या मारणार. आपण आतून ओरडून सांगायचं, आवाज कुठून येतो ते.

"डावीकडून येतोय, आप्पा!"

"डावीकडून पुढून का डावीकडून मागून?"

"आप्पा, मला उलटी होईल असं वाटतंय!"

"ती नंतर. आधी आवाज सांगा."

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे मी आप्पांना अनेकदा सांगितलं होतं, कारण ते मला सारखे शास्त्रातले प्रश्न विचारत. आवाज पत्र्यातून जास्त पळतो का हवेतून? रबर जाड लावावं का पातळ दोन थर? मी म्हणायचो, आप्पा, माझा विषय भूगोल. त्यावर ते शांतपणे म्हणत, "म्हंजे रस्त्याचं तुम्हालाच ठाऊक." अशा माणसापुढे पदवी काय कामाची?

आप्पा मूळचे सटाण्याकडचे. इथल्या एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये फोरमन होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी ती अजस्र यंत्रं दिवसभर धाडधाड आपटायची आणि आप्पा त्यांच्यावर आवाज चढवून बोलायचे. ती सवय घरी आली होती. आप्पांनी घरात मीठ मागितलं तर आमच्याकडे मुलं दचकून मीठ आणायला उठत. एवढा गडगडाट करणाऱ्या माणसाला गाडीतली खडखड खुपावी, याचं कॉलनीला नवल वाटे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्यांनी त्या काळी सगळ्यांकडे असायची तसली पांढरी छोटी गाडी घेतली होती, तीही जुनी. ती वाजणारच.

द्वारका चौकातल्या गॅरेजच्या मिस्त्रीने तेच सांगितलं. "आप्पा, ही गाडी हाय, देव्हारा नाय. वाजायचीच."

आप्पांनी मिस्त्री बदलला.

"आवाज येतो म्हंजे कुठून तरी येतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "आन जिथून येतो तिथून तो बंद करता येतो. गाडी गप्प झाली पाहिजे, सर. झाली म्हंजे झालीच पाहिजे."

का, ते मला एकदा डिकीतून बाहेर पडताना कळलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून मी बंपरवर बसलो होतो. आप्पा शेजारी आले आणि चक्क हळू बोलले. आप्पांचं हळू म्हणजे आपलं नेहमीचं.

खैरनार काकूंचं मागे गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. कुजबुजल्यासारखं बोलत. मुळातच कमी बोलणाऱ्या, आता तर घरात दिवसाकाठी चार शब्द. पण दर महिन्याला दोघं गाडीने येवल्याला काकूंच्या माहेरी जात, आणि गाडीत काकू अखंड बोलत.

"मी ओठ बघतो ना, सर. आडगाव गेलं की ओठ हलाया लागतात, ते पार येवल्यापर्यंत. मला एक अक्षर ऐकू येत नाय. गाडीचा दणदणाट, आन माझे कान प्रेसनं खाल्लेले. मी आपला हं, हं करतो."

"मग विचारा ना, काय म्हणालीस म्हणून."

"इचारलं. म्हणती, काही नाय." आप्पा कापडाने हात पुसत राहिले. "घरी बोलत नाय आन गाडीत बोलती. म्हंजे काहीतरी असंल की मनात. दुखत असंल काही. माझ्यावर राग असंल. आन मी हं म्हणतोय!"

त्यांना एकदा अद्दल घडली होती म्हणे. विंचूरच्या आसपास काकूंनी खरंच काहीतरी विचारलं, हे हं म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात काकूंचा भाऊ कुटुंबासकट सुट्टीला हजर. पाहुण्यांचं काही नव्हतं. पण बायको गाडीत विचारते आणि आपल्याला पत्ता नाही, हे आप्पांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी मला डिकीचा राग येणं बंद झालं. कंबरेचं दुखणं तेवढं राहिलं.

आप्पांनी मग काय काय केलं ते ऐका. गच्ची गळू नये म्हणून चिकटवतात ते डांबरी पत्रे आणून गाडीच्या तळाला आतून थापले. आवाज खरोखर कमी झाला. मग मे महिना आला. डांबर पाघळलं, आप्पांच्या चपला गाडीत चिकटल्या आणि ते एका लग्नात अनवाणी उतरले. यजमानांना वाटलं नवस असेल. त्यांनी आप्पांना पहिल्या पंगतीला बसवलं.

दारांच्या पोकळीत त्यांनी द्राक्षांच्या पेटीत घालतात तो फोम भरला. पायाखाली गोणपाट अंथरलं. गोण्या हरभऱ्याच्या होत्या, शिवणींत दाणे राहिले होते. पावसाळ्यात कुठून तरी पाणी झिरपलं आणि एका सकाळी ड्रायव्हरच्या पायापाशी हिरवेगार कोंब. कॉलनी बघायला लोटली. गाडी उभी होती, म्हणून काकूंचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. "उसळीपुरतं निघंल," त्या म्हणाल्या.

छताला गोधडी लावली. काकूंनीच जुन्या लुगड्यांची शिवून दिली होती. का हवी, ते विचारलं नाही. तेव्हापासून उंच माणूस त्या गाडीत मान तिरकी करून बसे. डॅशबोर्डवरचा गणपती कंप पावत होता, त्याच्याखाली रबरी वायसर आला. इंजिनाची रबरं बदलली, दारांची बदलली. टायरमधली हवा कमी करून पाहिली, तर गाडी म्हशीसारखी डुलायला लागली, म्हणून पुन्हा भरली.

शेवटी एक किणकिण राहिली. ती काही सापडेना. मी डिकीत, मी पुढे, मी सीटखाली. आप्पांनी डॅशबोर्ड उघडून परत बसवला, तरी किणकिण होतीच. एकदा काकू दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि आवाज थांबला. त्यांच्या काचेच्या बांगड्या! मी हसलो. आता बांगड्यांनाही फोम लावणार की काय, असं विचारलंही. आप्पा हसले नाहीत. "तो आवाज राहू द्या," एवढंच म्हणाले आणि पान्हे गोळा करायला लागले.

त्या हिवाळ्यात मोहीम फत्ते झाली. कॉलनीला फेरी मारून आप्पा उतरले, मला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "ऐका." मी ऐकलं. काहीच नव्हतं. खड्डा आला की उशीवर बसल्यासारखी गाडी खाली जायची आणि वर यायची. मी मनापासून शाबासकी दिली. आप्पांचे डोळे चमकत होते. "रविवारी येवला. तुम्ही पण चला. साक्षीदार पाहिजे."

रविवारी मी मागच्या सीटवर, मान तिरकी करून. काकू पुढे, हिरव्या साडीत. द्वारका गेलं, आडगाव गेलं. आप्पा एक डोळा रस्त्यावर आणि एक कान बायकोकडे देऊन चालवत होते. काकूंचे ओठ काही हलेनात.

"बोल ना," आप्पा म्हणाले.

"काय बोलू?"

स्वच्छ ऐकू आलं. आप्पांनी आरशातून माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

"काहीबी. तुझ्या मनात असंल ते."

काकूंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "निफाड आलं."

"ते दिसलं मला."

त्यानंतर येवल्यापर्यंत गाडीत एक शब्द नाही. इतकी शांतता की माझ्या पोटातली गुरगुर तिघांनी ऐकली. आप्पांचा चेहरा किलोमीटरगणिक उतरत गेला. वर्षभर खपून त्यांनी बायकोसाठी जागा तयार केली होती आणि त्या जागेत ती परक्यासारखी, हात मांडीवर ठेवून बसली होती. मला फार वाईट वाटलं. पण मधेच उतरून जाताही येईना.

काकूंचं माहेर विणकरांचं. पुढच्या खोलीतच भावाचा हातमाग. चहा झाला, भाऊ मागावर बसला. पैठणीचा पदर झाला होता, आता साधं अंग विणायचं होतं, त्यामुळे आडवा धागा नेणारा धोटा सपासप इकडून तिकडे आणि फणीचा खटक-खटक ठोका. काकू कोणी न सांगता कोपऱ्यातल्या चरख्यापाशी गेल्या आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर रेशीम भरायला लागल्या. माहेरवाशीण असूनही त्या पाहुणीसारख्या बसत नाहीत, असं त्यांच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

आप्पांनी माझा दंड धरला. इतक्या जोरात, की मला ओरडावंसं वाटलं. काकूंचे ओठ हलत होते.

आप्पा पदराची नक्षी बघतोय असं दाखवत हळूहळू चरख्याजवळ सरकले. मीही मागे गेलो. अगदी जवळ गेल्यावर ऐकू आलं. काकू गात होत्या. चिरका, फाटका, पण सुरात असलेला आवाज. रेशमाचं काहीतरी होतं, मोराचं काहीतरी होतं. मागाच्या ठोक्यावर ओळ पडत होती. तेवढ्यात धागा तुटला, भावाने माग थांबवला आणि काकूही थांबल्या, तिथल्या तिथे, ओळ अर्धी सोडून. धागा जोडला, माग सुरू झाला, पुढली अर्धी ओळ सुरू झाली.

"हिचं लहानपणापासून असंच," भाऊ मागावरूनच ओरडून म्हणाला. "माग चालू तर ही चालू. लय गायची. आता आवाज गेला म्हणून लाजती. कोणी ऐकतंय असं वाटलं तर नाय गाणार."

आप्पा मागे सरकले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. आप्पा म्हणाले, "बोलत नव्हती, सर. गात होती. मी आपलं गाण्याला हं म्हणत होतो." आणि मग, स्वतःशीच, "माझी गाडी म्हंजे तिचा माग होता. मी तो बंद पाडला."

मला वाटलं, माणूस खचला. तो माझा भ्रम होता. परत निघालो आणि विंचूर मागे पडल्यावर आप्पांनी गाडी बाजूला घेतली. उतरले, पान्हे काढले आणि कामाला लागले. काकूंच्या बाजूच्या दाराचं रबर उपसलं. दाराचं आतलं आवरण खोलून द्राक्षांचा फोम काढला. पायाखालचे थर काढले. सगळं माझ्या शेजारी मागच्या सीटवर येऊन पडायला लागलं. एक वर्षाची मेहनत त्यांनी विनातक्रार, जितक्या जिद्दीने बसवली तितक्याच जिद्दीने उखडली. मी दबक्या आवाजात विचारलं, "आप्पा, काय करताय?"

"आवाज कमी पडतोय."

"काय व्हयनं?" काकूंनी विचारलं. काय झालं, असं. नवऱ्याची सटाण्याकडची बोली त्यांनी केव्हाच उचलली होती.

"काही नाय. उकडतंय," आप्पा म्हणाले. डिसेंबर होता. त्यांनी चारही काचा खाली केल्या.

गाडी निघाली आणि काय सांगू तो गदारोळ! दार खडखडतंय, तळ घुमतोय, वारा कानांत शिरतोय. आप्पा समोर बघत होते, मुद्दाम. बायकोकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. निफाड गेलं. मी मागून काकूंचा अर्धा गाल पाहत होतो. चांदोरीच्या अलीकडे त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, बाहेरच्या उसाकडे पाहिलं आणि ओठ हलायला लागले. मी बरोबर त्यांच्या मागे होतो, म्हणून मला थोडं ऐकू येत होतं. आप्पांना काहीही ऐकू येत नव्हतं. मी पुढे वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "सांगू का, काय गातायत?" त्यांनी जोरात मान हलवली. नको.

पुढे रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. गाड्या थांबल्या. एकेकाने इंजिन बंद केलं. आमचीही थांबली, वारा थांबला, खडखड थांबली. आता काकूही थांबणार. आप्पांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि ॲक्सिलरेटर खाली दाबून धरला. इंजिन किंचाळायला लागलं. मेंढ्या बिथरल्या. मेंढपाळ काठी उगारून धावत आला. "ओ दाजी! दम नाय का जरा? मुकी जनावरं हायेत, कुठं आग लागलीय?" मागचा ट्रकवालाही काहीतरी आईवरून बोलला. एरवी त्याच्या दुप्पट आवाजात उत्तर देणारे आप्पा. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मेंढपाळाला जोडले आणि मान खाली घातली, पण पाय उचलला नाही. शेवटची मेंढी पलीकडे जाईपर्यंत ते शिव्या खात राहिले, इंजिन ओरडत राहिलं आणि शेजारी काकू, बाहेर बघत, गात राहिल्या.