महाराजांचा सुळा आणि घरगुती टच प्रोब

एका जंगलात टोकेराव नावाचं साळिंदर राहत असे. मुलांनो, जंगल कुठलं ते विचारू नका. सगळी जंगलं सारखीच असतात, फक्त पाट्या वेगळ्या.

टोकेरावांना एक खोड होती. कुठलीही वस्तू विकत आणायची म्हटली की ते म्हणत, "छे! ही तर घरी होते." मग ते करायला बसत. त्यांच्या घरात अर्धा पंखा होता, अर्धी सायकल होती आणि पाऊण पाळणा होता. पाळण्यात झोपायची ती पोरं मोठी झाली, लग्नं होऊन आपापल्या बिळात गेली. पाव पाळणा राहिला तो राहिलाच.

त्यांची बायको साळूबाई म्हणे, "अहो, एकदा तरी एखादी वस्तू पुरी करा. दृष्ट काढीन तुमची."

आता या जंगलाच्या राजाने, म्हणजे सिंहाने, हौसेने एक सीएनसी यंत्र आणवलं होतं. नावाला घाबरू नका. हे आपोआप कोरणारं यंत्र असतं. त्याला आकडे सांगायचे: इतकं डावीकडे जा, इतकं खाली जा. ते मुकाट्याने जातं आणि लाकूड कोरतं. अक्कल शून्य, पण आज्ञाधारक. म्हणून ते महाराजांचं फार लाडकं होतं. आजवर त्यावर महाराजांच्या नावाच्या पाट्याच तेवढ्या निघाल्या होत्या. चालवायचं काम टोकेरावांकडे होतं, कारण ते पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा शेजारून जाणारे तेच होते.

एकदा काय झालं, एका सत्कारात महाराजांनी रुबाब दाखवायला श्रीफळ दातांनीच फोडलं. नारळ फुटला. डावा सुळाही फुटला.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी डरकाळी फोडली, तर मधूनच शिट्टी वाजली. साळूबाईने सवयीने शिट्ट्या मोजल्या आणि कुकर उतरवला. टोकेराव कच्चा भात चावत होते, तेवढ्यात दरबारातून बोलावणं आलं.

महाराज तोंडावर पंजा धरून बसले होते. बोलण्याचं काम प्रधान कोल्होबा करत होते.

"शेजारच्या जंगलातला वाघ परवा भेटीला येतोय. महाराजांची शिट्टी त्याने ऐकली, तर तो परत जायचा नाही. इथेच बसेल. सिंहासनावर. तेव्हा उजव्या सुळ्यासारखा डावा सुळा यंत्रावर कोरून द्या."

"पण प्रधानजी, यंत्राला आकडे लागतात. दाताचे आकडे कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा."

"आणि सुळा नाही जमला तर?"

"तर तुला खाईन," महाराज स्वतः म्हणाले, आणि शिट्टी वाजली. या वेळी कुणालाच हसू आलं नाही.

टोकेराव तडक घरी आले. त्यांनी बगळ्याचे 'घरच्या घरी' हे व्हिडिओ पाहिले आणि त्यांना थोडा धीर आला. आकडे काढायला टच प्रोब नावाची वस्तू मिळते, असं बगळा एका पायावर उभा राहून सांगत होता. टच प्रोब म्हणजे एक बोट, बाळांनो. ते यंत्राला लावायचं. बोट हळूहळू खाली येतं आणि वस्तूला टेकलं की सांगतं, "लागलं!" कुठे लागलं ते यंत्र टिपून ठेवतं. मग जरा बाजूला, पुन्हा "लागलं!" अशी ढीगभर 'लागलं' जमली की वस्तूचा आकार तयार.

"अहो, जिवाशी गाठ आहे," साळूबाई म्हणाली. "या खेपेला तरी तयार आणा."

"तयार यायला दिवाळी उजाडेल. आणि अगं, ही तर घरी होते!"

मग टोकेरावांनी स्वतःच्या पाठीचा एक सरळ काटा उपटला. त्याच्या टोकाला मोहरीचा दाणा चिकटवला. काटा एका छोट्या तिवईला बांधला आणि तिवई डबीत बसवली. दाणा कशालाही टेकला की काटा हलायचा, आणि काटा हलला की तिवईचा पाय उचलला जायचा. इथवर झकास जमलं. आता पाय उचलला हे यंत्राला कळवायला वायर हवी. पण घरातल्या वायरी उंदरांनी केव्हाच फस्त केल्या होत्या.

"वायरीचं काम कोण करेल?" टोकेराव पुटपुटले.

"किर्र," कोपऱ्यातून आवाज आला.

तो किरकिरे नावाचा रातकिडा होता. टोकेरावांनी त्याला डबीत, तिवईच्या पायाखाली बसवलं. पाठीवरचं ओझं उचललं की ओरडायचं, एवढीच नोकरी. ओरडणं ऐकायला यंत्राला कान होताच.

चाचणी सुपारीवर झाली. किरकिरे ओरडले, यंत्राने टिपलं आणि लाकडाची हुबेहूब सुपारी कोरली. कोल्होबांनी ती तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाले, "जुनी दिसतेय." टोकेरावांना इतका आनंद झाला की काटे उभे राहिले आणि कोल्होबा दोन पावलं मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी महाराज यंत्राखाली आडवे झाले. जबडा उघडला. मागच्या आठवड्यातल्या जेवणाचा वास आला. टोकेराव नाक दाबून यंत्रामागे जाऊन बसले. डबी खाली, आणखी खाली, थेट तोंडात उतरली.

"किर्र! किर्र! किर्र!" दिवसभर आवाज येत होता. टोकेराव मागे बसून मान डोलवत होते. एकही 'लागलं' चुकलं नाही! संध्याकाळी त्यांनी उजव्याचं उलटं करून डावा केला आणि खैराचा ओंडका यंत्रावर चढवला.

सकाळी सुळा तयार झाला. मुळ्याएवढा.

टोकेरावांनी डबी उघडली. "किरकिरे, हे काय झालं?"

किरकिरे डबीतून बाहेर आले. "साहेब, खरं सांगू? दात बोटभर दूर असतानाच मी ओरडत होतो. सिंहाच्या तोंडात लागेपर्यंत कोण थांबतं?"

दुसरा सुळा कोरायला वेळ नव्हता. वाघ वेशीवर आला होता. टोकेरावांनी मनातल्या मनात साळूबाईचा निरोप घेतला, डोळे मिटले आणि सुळा ठोकून बसवला.

महाराजांनी तळ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हाच!" ते म्हणाले. "हाच माझा खरा दात. आधीचा आखूडच होता."

"मी म्हणतच होतो, महाराज," कोल्होबा म्हणाले.

वाघाने सुळा पाहिला. त्याने रीतसर नमस्कार केला, सोबत आणलेला हार स्वतःच्याच गळ्यात घातला आणि आल्या पावली परत गेला. जंगलभर जयजयकार झाला. महाराजांचं तोंड मात्र मिटेना. त्यामुळे चावता येईना. त्या दिवसापासून ते पेज पिऊ लागले. अर्धी पेज हनुवटीवरून गळे. दरबारी मंडळीही मग हनुवटीवर पेज लावून येऊ लागली. ससे, हरणं दुपारी उन्हात पाय पसरून झोपत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण टोकेरावांना झोप येईना. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू पुरी झाली होती, आणि तीच चुकीची! फार वाईट वाटत होतं त्यांना. विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं, की किरकिरे घाबरत होते खरे, पण नेमाने घाबरत होते. दर वेळी बोटभरच आधी. मग प्रत्येक आकड्यातून बोटभर वजा केलं की झालं! त्यांनी वजा केलं. यंत्राने कोरलं. सुळा अगदी बेतशीर, तंतोतंत निघाला.

"मांडून ठेवा फडताळात," साळूबाई म्हणाली. "दरबारात नेऊ नका. हात जोडते."

पण टोकेराव कसले ऐकतात! भर दरबारात त्यांनी सुळा पुढे केला. "महाराज, हा बरोबर मापाचा आहे."

"म्हणजे हा तोंडातला चुकीच्या मापाचा?"

"हो, महाराज."

दरबाराच्या हनुवटीवरची पेज वाळली. महाराजांनी झेप घेतली, टोकेरावांना पंजाखाली दाबलं आणि त्यांचं डोकं जबड्यात धरलं. टोकेरावांना आत अंधार दिसला. त्यांनी दात लागायची वाट पाहिली. लागला नाही. पुन्हा वाट पाहिली. तरी नाही. महाराजांनी खूप जोर केला, पण मोठा सुळा खालच्या जबड्यावर अडला आणि तोंड काही मिटेना.

"महाराज, सुळा काढा आणि मग खा," कोल्होबांनी सुचवलं.

महाराजांनी सुळ्याला पंजा लावला. मग दरबाराकडे पाहिलं. सगळे कान टवकारून शिट्टीची वाट पाहत होते. महाराजांनी पंजा खाली घेतला.

"याला 'जंगलभूषण' द्या," ते म्हणाले. "मी मघापासून आलिंगन देत होतो."

टोकेराव पेजेने निथळत घरी आले. साळूबाईने आधी पाठीवर एक धपाटा घालायला हात उचलला, काटे पाहून तो खाली घेतला आणि मीठमोहऱ्या घेऊन त्यांची दृष्ट काढली. बरोबर मापाचा सुळा तिने भिंतीत ठोकला. त्याला पिशवी छान अडकते.

तात्पर्य : अचूक काम जरूर करावं, मुलांनो. पण त्याच्या आधी एक ढळढळीत चूक करून ठेवावी. अचूक काम अंगाशी आलं की तीच वाचवते.