निफाडकरांचा मानपान आणि स्विचाचे अजीर्ण

वाचणारांस उदंड आयुष्य असो. नाशिक मुक्कामी, खंडेनवमीचे दिवशी, लिलावाच्या स्विचावर जो प्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहितो; पदरचे घातले असेल ते गोडीपुरते.

शहरात फुलांचा ऑनलाइन लिलाव चालविणारी एक कंपनी. तिचे पदरी स्विच नामक लोखंडी पेटारा, आणि कोणत्या गावची बोली कोणत्या वाटेने धाडावी हे तो स्मरणात बाळगी. परंतु स्मरण बेताचे. त्याचे कारभारी समाधानराव, मूळचे निफाडकर, मानपानाचे मोठे भोक्ते. त्यांनी निफाडाकडील प्रत्येक गावास, मग प्रत्येक वस्तीस, आणि मग सासुरवाडीच्या मळ्यासही स्वतंत्र वाट नोंदून दिली, की आम्हांस दुसऱ्याचे पंगतीत बसविले असे कोणी म्हणू नये. येणेप्रमाणे पेटारा गळ्यापर्यंत भरला.

ते समयी सिन्नराकडील नव्या केंद्रावर भिमाजी शेतकरी पिकअपभर झेंडू घेऊन उभे. उद्या दसरा, आज विकला तर सोने, नाहीतर खत. आणि स्विचाने नव्या केंद्रास साफ इनकार केला. भिमाजींचा अर्ज फोनवरून गुदरला तो असा : “साहेब, तुमचं मशीन भरलं आसंल, पण माझी फुलं लय येळ दम धरायची नाय!” मग समाधानरावांनी स्विच बंद करून चालू केला, आणि मग पुन्हा बंद करून चालू केला, आणि हत्यारे संपली.

तेव्हा वरिष्ठ रूपालीबाई खासा खुर्ची ओढून बसल्या आणि फर्मावित्या जाहल्या, की लग्नपत्रिका घरातील दर माणसास निराळी देतात काय? एकच देतात, वर सहकुटुंब सहपरिवार लिहितात, आणि मग पोराबाळांसकट सारे घर जेवून जाते. निफाडाच्या साऱ्या वस्त्या एकाच वाटेने जातात, तर वाट एकच लिहावी. समाधानराव काकुळतीस आले, की मंडळी रुसतील. हुकूम जाहला, की लिलावाच्या पडद्यावर ज्याचे त्याचे नाव राहील. स्विचाचे पोटात डोकावतो कोण?

मग साऱ्या वस्त्यांस मिळून एक वाट लिहिली गेली, आणि जुन्या नोंदी पुसल्या, आणि सासुरवाडीची समाधानरावांनी सर्वांत शेवटी पुसली. पेटारा हलका जाहला, सिन्नर आत शिरले, झेंडू पडद्यावर झळकला, आणि बोली ऐसी चढली की भिमाजी फोनवर नुसतेच हसत राहिले. निफाडात कोणी रुसले नाही. कोणास कळलेच नाही, आणि समाधानरावांस वाईट वाटले ते याचेच.

सायंकाळी भिमाजी हार घेऊन आले आणि स्विचाची पूजा जाहली. हार नेमका पेटाऱ्याच्या पंख्याचे तोंडावर आला आणि पेटारा तापून कोकलू लागला. तेव्हा समाधानरावांनी तो हार आपण होऊन काढिला आणि रूपालीबाईंचे मॉनिटरास घातला. फत्ते कोणाची, हे येणेप्रमाणे दप्तरी दाखल असे.