नेता सगळ्यांच्या पुढे

नेतृत्व शिकवावं तर ते मीच! नारिन या आमच्या डोंगराळ शहरातल्या कॉलेजात गेली सहा वर्षं हा विषय माझ्याकडे आहे. यंदा मी प्राचार्यबाईंना ठणकावून सांगितलं, "खडू-फळ्यानं कुठे नेते घडतात का? मी पोरांना डोंगरात नेतो. जाताना मेंढरं असतील, येतील ती हिमबिबटे होऊन!"

"सगळी परत आली तरी पुरे, शाइलोबेक," बाई म्हणाल्या.

बेगायिम नावाची एक अबोल मुलगी वर्गात होती. तिच्या घरच्यांचं उन्हाळी कुरण खिंडीपलीकडे, तीन तासांच्या चालीवर. तिच्या वडिलांनी, ओरोझालींनी, आम्हाला दुपारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं होतं. अकरा पोरं घेऊन मी सकाळीच निघालो. शिट्टी गळ्यात, छाती पुढे!

खिंड ओलांडल्यावर वाटेला दोन फाटे फुटले. मी झोकात उजवीकडे वळलो.

"आगाय," बेगायिम हळूच म्हणाली (आमच्याकडे सरांना आगाय म्हणतात), "डावीकडून जायचं."

"बेगायिम, आज वाट दाखवायचं काम कोणाचं?"

"तुमचं, आगाय."

"मग? नेता सगळ्यांच्या पुढे, बाकीचे मागे. आणि नेता वाट विचारत नसतो! लिहून घ्या रे!"

माझी पोरं भलतीच आज्ञाधारक! चालता चालताच वह्या काढून लिहायला लागली. तालाय नावाचा आडदांड गडी तर इतका तल्लीन झाला, की त्याचा पाय थेट एका बिळात! घोटा बघता बघता भोपळ्यासारखा सुजला.

"काळजी नको!" मी म्हणालो. "नेता कुणाला मागे टाकत नाही!" आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला. हात कसला, ओंडकाच तो!

तासाभरानं तालाय ओरडला, "आगाय, पेन सापडलं!"

"कुणाचं?"

"माझंच! बिळापाशी पडलं होतं ते!"

म्हणजे आम्ही टेकडीला चक्कर मारून तिथंच आलो होतो. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बेगायिमनं तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मिटलं. त्याच वेळी तिला विचारलं असतं तर! पण माझं नाक मध्ये आलं. मी आणखी जोरात शिट्टी फुंकली आणि पुन्हा उजवीकडेच निघालो. तिसऱ्या खेपेला बिळाशी आलो तेव्हा तर कुणी हसलंही नाही. ते जास्त लागलं.

एवढ्यात गारा! बोराएवढ्या गारा डोक्यावर ताशा वाजवायला लागल्या. समोरचं दिसेना. आणि त्या धुरकटातून एक काळंकभिन्न, वासराएवढं जनावर गुरगुरत आमच्याच दिशेनं आलं!

"लांडगा!" मी किंचाळलो.

पुढचं सांगताना अजूनही कान गरम होतात. मी तालायचा हात खांद्यावरून झटकला आणि पळालो. खरंच पळालो! मागे अकरा पोरं, त्यातला एक लंगडा, आणि मी सगळ्यांच्या पुढे! वीस-पंचवीस पावलांवर पाणथळीत गुडघाभर रुतलो, तेव्हा कुठे थांबलो.

मागून शांत आवाज आला. "अक्तोश! बस खाली!"

तो बेगायिमच्या घरचा कुत्रा होता. ती त्याच्या मानेवर हात ठेवून उभी होती. तालाय गारांत बसून माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. दोन मुलींनी त्याला उठवलं, दोघांनी मला चिखलातून उपटलं. माझा एक बूट आतच राहिला.

"बेगायिम," मी पुटपुटलो, "कुठून जायचं?"

"या माझ्यामागून, आगाय."

अर्ध्या तासात आम्ही तंबूत होतो. ओरोझालींनी किमीझचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातात दिला. बेगायिम वडिलांना म्हणाली, "बाबा, तालायचा पाय मुरगळला. आगायनी त्याला खांदा देऊन आणलं."

तेवढंच बोलली. तालाय घोंगडीकडे बघत राहिला. एकाही पोरानं चकार शब्द काढला नाही! माझी लाज त्या अकरा जणांनी मिळून झाकली, आणि त्यानंच मला मान वर करवेना.

मग ओरोझालींनी मानाच्या पाहुण्याला देतात ते मेंढ्याचं उकडलेलं डोकं माझ्यापुढे ठेवलं. मेलेला मेंढाही मला ओळखून असल्यासारखा बघत होता! माझ्यानं राहवेना.

"ओरोझाली, हे उचला. मी याच्या लायकीचा नाही. मी पोरांना टाकून पळालो. तुमची मुलगी बरोबर वाट सांगत होती, मी ऐकलं नाही. बेगायिम, तालाय, माझं चुकलं."

ओरोझाली मिशीतल्या मिशीत हसले. "वाटेचं ठाऊक आहे, मास्तर. गारा पडेपर्यंत मी दुर्बिणीतून बघतच होतो. टेकडीला दोन फेऱ्या मारल्यात."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मला वाटलं, अभ्यासक्रमातच असेल!"

पोरांचं इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू खदाखदा फुटलं. ओरोझालींनी ताट स्वतःकडे ओढलं, सुरीनं मेंढ्याचा एक कान कापला. आमच्याकडे तो घरातल्या लहानग्यांना देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. तंबूत त्यांचा चार वर्षांचा धाकटा हात पसरून बसलाच होता.

ओरोझालींनी कान माझ्या हातावर ठेवला.

मी मुकाट्यानं खाल्ला. धाकटा मात्र भोकाड पसरून रडला!