ज्या कॉम्प्युटरला 'साडे' कळत नसे

एका जंगलात, बाळांनो, एक कॉम्प्युटर होता.

तो पाणवठ्याजवळच्या सपाट खडकावर ठेवला होता. वर पळसाच्या पानांचं छप्पर होतं. वीज कुठून यायची, असं विचारू नका. गोष्टीत वीज असते आणि ती जात नाही. म्हणूनच तिला गोष्ट म्हणतात.

कॉम्प्युटरचं काम एकच होतं. कोणी किती वाजता पाणी प्यायचं, हे ठरलेलं होतं. ज्याची वेळ झाली त्याची घंटा वाजवायची. घंटा वाजल्याशिवाय पाणवठ्यावर पाय ठेवायचा नाही, असा कायदा होता. कायद्याखाली हत्तींची सही होती. सही म्हणजे पायाचा ठसा. तो ठसा डबक्याएवढा होता. त्यामुळे कायदा सगळे पाळत. वाघसुद्धा.

वाघाचं नाव खंडेराव. ते जंगलाचे राजे होते.

हरणांची घंटा सकाळी सातला होती. खंडेरावांची साडेसातला. ही वेळ खंडेरावांनी स्वतः निवडून घेतली होती. हरणांचा कळप मोठा. सगळ्यांचं पिऊन व्हायला पाऊण तास लागायचा. म्हणजे खंडेराव येतील तेव्हा बरीच हरणं अजून पाण्यात तोंड घालून उभी असणार.

कायद्यात 'पाय ठेवायचा नाही' एवढंच होतं. पाय ठेवल्यावर कोणाला खायचं नाही, हे लिहायचं हत्ती विसरले होते. हत्ती गवत खातात. त्यांना ते सुचलंच नाही.

पण झालं असं, की त्या कॉम्प्युटरला 'साडे' कळत नसे.

त्याच्या आत 'वारूळ सात' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. ती पलीकडच्या टेकडीवरच्या मुंग्यांनी बनवली होती. बनवताना 'साडे' राहून गेलं होतं. 'साडेसात' असं दिसलं की कॉम्प्युटर गोंधळायचा, थोडा गरम व्हायचा आणि पुढच्या पूर्ण तासाची वाट बघायचा. मग बरोबर आठला खंडेरावांची घंटा वाजायची. तोवर काठावर फक्त खुरांचे ठसे उरायचे.

"आजकालची हरणं फार भराभर पितात," असं म्हणून खंडेराव पाणी पिऊन जायचे. पोट भरायला बाकीचं जंगल होतं. शिवाय राजाला घड्याळ बघायची सवय नसते. तो येतो तीच वेळ, असं त्याला सगळे सांगत असतात.

ही चूक दोघांना ठाऊक होती. एक सगुणा साळिंदर. ती कॉम्प्युटर सांभाळायची. दुसरे काळविटे गुरुजी. ते हरणांच्या शाळेत पाडसांना पळणं आणि वळणं असे दोन विषय शिकवायचे. नऊ वर्षं दोघांनी एक शब्द काढला नव्हता.

एके दिवशी जंगलात बगळेसाहेब आले.

पांढरेशुभ्र कपडे, लांब मान, एका पायावर उभं राहून बोलायची पद्धत. ते मुंग्यांच्या कंपनीचे प्रतिनिधी होते. त्यांनी सगुणासमोर एक लांबलचक पान उलगडलं.

"वारूळ आठ आलंय, बाई! अपग्रेड करून घ्या. एक हजार सुधारणा आहेत."

सगुणाला एक वाईट सवय होती. ती यादी शेवटपर्यंत वाचायची. सहाशे बारा नंबरला ती थांबली. तिथे लिहिलं होतं : 'साडे, सव्वा, पावणे, दीड आणि अडीच आता समजू लागले आहेत.'

तिचे सगळे काटे एकदम ताठ उभे राहिले. बगळेसाहेब दोन पावलं मागे सरकले.

"आनंद झालेला दिसतोय," ते म्हणाले.

सगुणा तडक शाळेत गेली. गुरुजी पाडसांना डावं वळण शिकवत होते. तिने त्यांना बाजूला घेतलं.

"गुरुजी, नव्या सिस्टिमला साडे कळतं."

गुरुजींच्या तोंडातला घास खाली पडला. "साडेसात?"

"साडेसातही."

"सगळ्यांना खरं सांगून टाकू या का?"

"काय सांगणार? राजाची घंटा नऊ वर्षं उशिरा वाजतेय, आणि हे आपल्याला माहीत होतं?"

गुरुजींनी थोडा विचार केला. मग ते म्हणाले, "खोटी कारणं शोधू या."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. विषय होता, वारूळ आठ घ्यावं की न घ्यावं. खंडेराव उंच खडकावर बसले. बगळेसाहेब त्यांच्या शेजारी एका पायावर उभे राहिले.

गुरुजी उठले. "सरकार, नव्या सिस्टिमचा पडदा हिरवा आहे. आमच्या मंडळींना हिरवं दिसलं की तोंड घालावंसं वाटतं. पडदा चाटून चाटून खराब होईल."

"रंग बदलता येतो," बगळेसाहेब म्हणाले. "सुधारणा क्रमांक चाळीस."

मग एक म्हातारी हरणी उठली. "घंटेचा आवाज बदलला तर माझे कान दुखतात."

"आवाज तोच ठेवता येतो. क्रमांक एकेचाळीस."

गुरुजींनी पुन्हा तोंड उघडलं. त्यांना कारण सुचेना. "अक्षर," ते म्हणाले. "म्हणजे, अक्षर जरा तिरकं आहे. पाडसांवर वाईट संस्कार होतील."

सभेत कुजबूज झाली. खंडेरावांनी जांभई दिली. खरं सांगायचं तर त्यांना यातलं काही कळत नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम ओली असते की कोरडी, हेही त्यांना माहीत नव्हतं. पण हे विचारायचं कसं? त्यांनी सगुणाकडे पाहिलं.

"सगुणाबाई, तुम्ही रोज ते यंत्र हाताळता. तुमचं मत काय?"

सगुणा उभी राहिली. तिला खोटं नीट जमत नसे. "सरकार, जुनी सिस्टिम चुकते. पण रोज एकसारखी चुकते. त्यावर विसंबता येतं."

खंडेरावांचे कान टवकारले. "चुकते? कुठे चुकते?"

गुरुजींनी डोळे मिटले.

"माझं नाव," सगुणा घाईघाईने म्हणाली, "'सगणा' असं दाखवते."

"अरेरे!" खंडेराव म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. "नऊ वर्षं तुम्ही हे सहन केलंत?"

"सवय झाली, सरकार. मला आता सगणाच आवडतं."

खंडेरावांना वाटलं, राहू द्यावं मग जुनंच. ते तसं म्हणणारही होते. तेवढ्यात बगळेसाहेबांनी दुसरा पाय खाली ठेवला.

"एक सांगायचं राहिलं, सरकार. शेजारच्या जंगलातल्या वाघसाहेबांनी मागच्याच महिन्यात बसवून घेतलं."

झालं. निर्णय झाला. बाळांनो, मोठमोठे निर्णय असेच होतात.

बगळेसाहेबांनी त्याच सकाळी काम सुरू केलं. पडद्यावर आकडे सरकू लागले. एक टक्का. चार टक्के. दुपारी आकडा नव्याण्णववर पोहोचला आणि तिथेच बसला.

"शेवटचा एक टक्का सगळ्यात मोठा असतो," बगळेसाहेब म्हणाले आणि मासे खायला गेले.

इकडे गुरुजींनी सगळा कळप मैदानात जमवला आणि यापुढे राजाची घंटा वेळेवर वाजणार, एवढंच सांगितलं. उद्यापासून पाऊण तासाचं पाणी अर्ध्या तासात प्यायचं होतं. ते घटाघटा पिण्याचा सराव घेऊ लागले.

"श्वास मध्ये घ्यायचा नाही! एक, दोन, तीन, गिळा!"

पाडसांना उचक्या लागल्या. म्हाताऱ्या हरणीला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत कळपाची वेळ चाळीस मिनिटांवर आली. त्याखाली ती येईना.

"शेवटी कोण राहणार?" कोणीतरी विचारलं.

"मी राहीन," गुरुजी म्हणाले. "मला दोन्ही वळणं येतात."



सूर्य मावळता मावळता शंभर टक्के झाले. पडद्यावर एक सुंदर वारूळ उमललं आणि आतून रंगीत मुंग्या नाचत बाहेर आल्या. सगुणाने सगळी पाळीपत्रकं तपासली. तिचं नाव बरोबर दिसत होतं. खंडेरावांची वेळ साडेसात दिसत होती.

सकाळी सातला हरणांची घंटा वाजली. कळप धावला. घट घट घट असा आवाज सगळ्या जंगलात घुमला. सगुणा काटे फुलवून पाण्याच्या कडेला उभी राहिली. वाघापुढे एका साळिंदराचं काय चालणार, हे तिला ठाऊक होतं. पण घरी बसवेना.

पंचवीस मिनिटांनी खंडेराव आले. नव्या सिस्टिमचं कौतुक म्हणून ते आज बगळेसाहेबांना घेऊन लवकर आले होते. दाट कळप बघून त्यांचे डोळे लकाकले.

साडेसात वाजले. अगदी बरोबर साडेसात. पडदा उजळला.

घंटा वाजली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : 'नमस्कार. आपण कोण?'

"मी कोण?" खंडेराव म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

"सुरक्षा, सरकार," बगळेसाहेब म्हणाले. "क्रमांक तीन. उद्या कोणी कोल्हा तुमच्या नावावर पाणी पिऊन गेला तर?"

"मग हरणांना का नाही विचारलं?"

"ते सामान्य खातं. आपलं महत्त्वाचं खातं. एक संकेतशब्द द्या."

खंडेराव जरा सुखावले. त्यांनी विचार करून 'डरकाळी' असा संकेतशब्द दिला. पडद्यावर आलं : 'हा फार साधा आहे. जंगलात बावीस जणांनी हाच ठेवला आहे.'

त्यांनी 'मोठी डरकाळी' दिला. 'एक आकडा हवा.' त्यांनी 'मोठी डरकाळी १' दिला. 'एक चिन्ह हवं.' खंडेरावांनी चिडून पंजा आपटला. चिन्हंच चिन्हं उमटली. संकेतशब्द मान्य झाला. तो काय होता, हे मात्र कोणालाच कळलं नाही.

मग पडद्यावर नऊ चौकटी आल्या. वर लिहिलं होतं : 'आपण यंत्र नाही, हे सिद्ध करा. ज्या चौकटींत हरीण आहे त्या सगळ्या निवडा.'

खंडेरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. हे तर त्यांचंच काम! त्यांनी पंजा टाकला. पण पंजा मोठा आणि चौकट लहान. एका पंजात चार चौकटी जायच्या.

'पुन्हा प्रयत्न करा.'

आता त्यांनी एका नखाने चौकटी निवडल्या. 'पुन्हा प्रयत्न करा.'

"हे कान आहेत की पानं?" ते पुटपुटले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पाण्याजवळ आता शेवटची पाच-सहा हरणं होती. "गुरुजी! जरा इकडे या बघू."

सगळा कळप जागच्या जागी थिजला. गुरुजी एकेक पाऊल टाकत निघाले. सगुणा त्यांच्या मागोमाग गेली. गुरुजी वाघाच्या शेजारी, अगदी मिशा टोचतील इतक्या जवळ जाऊन उभे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, पाणवठा बाजूलाच राहिला, इथेच का नाही खाल्लं? बाळांनो, खंडेरावांच्या ते लक्षातच आलं नाही. खरं हरीण शेजारी उभं होतं आणि ते चित्रातलं हरीण शोधत होते.

"ही शिंगं धरायची ना?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी आधी वाघाच्या मिशांकडे पाहिलं. मग त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"नीट बघा, सरकार. ती फांदी आहे. शिंगं अशी वाढतात का कुठे?"

"मग ही?"

"ती शेळी आहे. घाई करू नका. घाईनेच चुका होतात."

"आणि या कोपऱ्यात नुसतं शेपटीचं टोक आहे. ते हरणात धरायचं का?"

"हा चांगला प्रश्न विचारलात," गुरुजी म्हणाले.

टोक धरलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' टोक सोडलं. नवीन नऊ चौकटी आल्या. खंडेराव घामाघूम झाले. शेवटी पडद्यावर आलं : 'आपण यंत्र असावेत असं वाटतं.'

"मी यंत्र?" खंडेरावांनी अशी डरकाळी फोडली की पळसाची पानं गळून पडली.

'आवाज ओळखता आला नाही,' पडदा म्हणाला.

सगुणाला हसू आवरेना. ती इतकी हसली, इतकी हसली की तिचे काटे खुळखुळ्यासारखे वाजू लागले. तिला हसताना बघून पाडसं हसली. पाडसांच्या उचक्या पुन्हा सुरू झाल्या. कळप सावकाश परत पाण्याकडे वळला आणि राहिलेलं पाणी आरामात, मध्ये मध्ये श्वास घेत प्यायला.

साडेनऊला एकदाचं जमलं. 'स्वागत आहे, खंडेराव,' असं आलं. रंगीत मुंग्या नाचल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'आपली पाळी साडेसातला होती. ती संपली. उद्या पुन्हा या.'

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी खंडेरावांनी दवंडी पिटवली. राजाला सकाळची घाई शोभत नाही, म्हणून यापुढे महाराज भर दुपारी, वरच्या ओढ्यावर पाणी पितील. तिथे घंटा नव्हती. हरणंही नव्हती. नवी सिस्टिम आपल्याला जमली नाही, असं मात्र दवंडीत कुठेही नव्हतं. उलट बगळेसाहेबांचा जाहीर सत्कार ठेवला होता.

सत्काराला सगळं जंगल लोटलं. गुरुजींनी स्वतः बगळेसाहेबांना गवताची शाल पांघरली. म्हाताऱ्या हरणीने बगळेसाहेबांचे दोन्ही पाय धरले, त्यामुळे त्यांना सत्कारभर दोन पायांवर उभं राहावं लागलं.

"मी फक्त माझं काम केलं," बगळेसाहेब म्हणाले. आपण नेमकं काय केलं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, नवी सिस्टिम घ्यावी की नाही, यावर फार डोकं शिणवू नका. बिनधास्त घ्या. फक्त तिच्यात सुधारणा भरपूर आहेत, एवढं बघून घ्या. एकच सुधारणा असती, तर गुरुजी पहिल्याच दिवशी गेले असते. हजार होत्या, म्हणून वाचले.