कुवाबारा सेन्सेईंची बदली

आपली बदली झाल्याचं कुवाबारा सेन्सेईंना, म्हणजे शाळेतल्या संगीताच्या गुरुजींना, टोफूवाल्या ओझेकीबाईंकडून कळलं. सकाळचे सात वाजले होते, शाळेला सुट्टी लागलेली होती आणि सेन्सेई दात घासत होते. दार उघडलं तर पाण्याच्या डब्यात टोफूच्या चार वड्या घेऊन बाई उभ्या. डोळे रडून लाल झालेले.

"चाललात, आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

तोंडात फेस असल्यामुळे सेन्सेईंना लगेच काही बोलता आलं नाही. बाईंनी पेपर त्यांच्या नाकासमोर धरला. मार्चअखेरीला शिक्षकांच्या बदल्यांची जी बारीक टायपातली यादी येते, तिच्यात स्पष्ट छापलं होतं: काओरु कुवाबारा, संगीत, शिमोतानी माध्यमिक शाळा. आणि पुढे समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाचं नाव.

चूक सेन्सेईंच्या ताबडतोब लक्षात आली. दरीच्या वरच्या टोकाला, जिथे रेल्वे संपते, तिथे ओकुतानी नावाचं गाव होतं. तिथल्या शाळेतही संगीत शिकवायला काओरु कुवाबारा नावाच्याच एक बाई होत्या. काओरु हे नाव पुरुषाचंही असतं, बाईचंही. दोघांची भेट कधी झाली नव्हती. वर्षातून एखादं पत्र चुकून इकडचं तिकडे जाई, ते चिठ्ठी लावून परत पाठवायचं, एवढीच काय ती ओळख. पेपरवाल्यांनी त्या बाईंची बदली सेन्सेईंच्या शाळेच्या नावावर टाकली होती.

तोंड धुऊन येत सेन्सेई म्हणाले, "ओझेकीबाई, त्याचं असं झालंय—"

"तुम्ही काही बोलू नका. आज मला बोलू द्या." बाईंनी डबा पायरीवर ठेवला. "आमची चिझु अडखळायची म्हणून वर्गात तोंड उघडायची नाही. तुम्ही तिला गायला लावलंत. गाताना एकदा म्हणून अडली नाही. घरी येऊन म्हणाली, आई, मला येतं गं बोलता. मी दुकानाच्या मागे जाऊन ढसाढसा रडले होते. नऊ वर्षं झाली त्याला. तुम्ही रोज टोफू न्यायला यायचात, रोज ठरवायचे आज म्हणायचंच. आणि रोज काय म्हणायचे? आज गार आहे, नाही?"

सेन्सेई त्रेपन्न वर्षांचे होते, एकटे होते, आणि या गावात येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांच्याशी एका दमात एवढं कुणी बोललं नव्हतं. खरं काय ते उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. आत्ताच हातात आलेलं असं लगेच परत करवेना.

दुपारपर्यंत सायकलवाला हिरुमा आला. गावच्या अग्निशमन पथकाच्या बँडचा तो म्होरक्या.

"पहिल्यांदा आमचं ऐकून तुम्ही म्हणाला होतात, भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडल्यासारखं वाटतंय. फार राग आला होता मला. पण खरं होतं! तुम्ही शिकवल्यापासून निदान सगळे एकदम थांबतो तरी."

"हिरुमा, मला वाटतं त्या यादीत जरा—"

"काही वाटून घेऊ नका. शनिवारी दहा चाळीसची गाडी. तिकीट काढलंय, बँड येतोय, बायकांनी फलक शिवायला घेतलाय."

"शिवायला?"

"कागदाचा पावसात भिजतो ना."

तिसऱ्या आल्या घरमालकीण मिनेगिशीआजी. त्या सेन्सेईंच्या भिंतीला भिंत लागूनच राहत. त्यांनी भेट वगैरे आणली नव्हती. रिकामी खोकी आणली होती.

"खोली दिली मी. शेतकरी सोसायटीत नवा पोरगा लागलाय. एक तारखेला येतोय."

"अहो आजी, पेपरात चूकसुद्धा असू शकते!"

"माझे यजमान गेल्याचं पेपरातच आलं होतं," आजी म्हणाल्या. "ती काय चूक होती?" आणि खोकी दारात ठेवून निघून गेल्या.

सेन्सेईंनी उपमुख्याध्यापकांना फोन लावला. "पाहिलं मी," ते म्हणाले. "दुरुस्ती छापून येईल." ती गुरुवारी आलीही. खताच्या जाहिरातीखाली, नखाएवढी. गावात ती एकाच माणसानं वाचली, आणि त्या माणसाला ती आधीपासूनच माहीत होती. सेन्सेईंनी ती कापून खिशात ठेवली. पुढचा जो कोणी येईल त्याच्या हातात ठेवायची, असा निश्चय केला. पुढची आली ती केशकर्तनालयातली मुलगी, आणि आल्या आल्या दारातच तिनं सातवीत शिकलेलं समूहगीत आपल्या वाट्याच्या खालच्या सुरांत म्हणून दाखवलं. खिशातला हात खिशातच राहिला.

शुक्रवारपर्यंत घरात मिठाईची अकरा खोकी जमली. सेन्सेई त्यांच्या मधोमध, पायपेटीच्या स्टुलावर बसून एकेक कार्ड वाचत. इतकी माणसं आपल्याला ओळखतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोठ्या मुश्किलीनं ती घरात आली होती, आणि ती आपण जातोय म्हणूनच आली होती. राहणाऱ्या माणसाकडे कोण येतं? जेवायला बसल्यावर त्यांना पहिल्यांदा ती दुसरी कुवाबारा आठवली. तिचा निरोप इथे माझ्या घरात येऊन पडलाय, मग तिच्या गावात तिचं जाणं कुणाला कळलं असेल? त्यांनी ओकुतानीच्या शाळेत फोन केला. सुट्टीच्या शाळेत तो वाजत राहिला.

शनिवारी दहा वाजता स्टेशन माणसांनी फुलून गेलं होतं. सेन्सेईंचा बेत साधा होता. गाडीत चढायचं, पुढच्या स्टेशनावर उतरायचं, नदीकाठानं चालत परत यायचं. त्यापुढचा बेत त्यांना सुचला नव्हता. फलकावर लाल दोऱ्यानं भरलं होतं: कुवाबारा सेन्सेई, आम्ही तुमचे आभारी आहोत.

ओकुतानीहून एका डब्याची गाडी आली. समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत ती इथे पाच मिनिटं थांबते. बँड सुरू झाला, फलक वर गेला, सगळे ओरडले, "कुवाबारा सेन्सेई!"

गुरुजी असोत की बाई, हाक तीच. डब्यात खिडकीशी तपकिरी कोटातल्या एक बाई मांडीवर बॅग घेऊन एकट्याच बसल्या होत्या. त्या दचकून उभ्या राहिल्या. त्यांनी फलक वाचला. मागे वळून डब्यात आणखी कोण आहे ते पाहिलं. एक म्हातारा झोपला होता, बस. त्यांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, जणू विचारत होत्या, मी? आणि मग त्या खिडकीतून आभारादाखल कमरेत वाकल्या. एकदा, दोनदा, पुन्हा.

 बाई डबडबलेल्या डोळ्यांनी दारात आल्या.

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं हो? आमच्या गावात तर कुणालाच..."

बँड थांबला. एकदम थांबला.

"या कोण?" ओझेकीबाईंनी विचारलं.

सेन्सेईंनी खिशातला कागद काढला. तो इतका लहान होता की वाचायला पाचच जणांना जमलं असतं, म्हणून त्यांनी तोंडानंच सांगितलं. "या कुवाबारा सेन्सेई. बदली यांची झालीय. पेपरात चूक झाली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग तुम्ही?" हिरुमानं विचारलं.

"मी कुठेच जात नाहीये."

 दारातल्या बाई हळूहळू लाल होत गेल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या. "माफ करा, मला वाटलं..."

तेवढ्यात ओझेकीबाई पुढे झाल्या. सेन्सेईंच्या हातातला फुलांचा गुच्छ त्यांनी सरळ ओढून घेतला आणि बाईंच्या हातात कोंबला.

"आमच्या मुलीला नसेल शिकवलंत. पण कुणाच्या तरी मुलीला शिकवलं असेलच की! तिच्या आईला सांगायचं राहून गेलं असेल. तिच्या वतीनं मी सांगते. फार उपकार झाले." मग मागे वळून, "वाजवा की रे! बघताय काय?"

त्या दिवसाइतका बँड कधी बेसूर वाजला नसेल. गाडी हलली. बोगद्यात शिरेपर्यंत खिडकीत फुलं दिसत होती, त्यांच्यामागे वाकणारं डोकं.

मग सगळे सेन्सेईंकडे वळले. सेन्सेई माफी मागत खूप वेळ वाकून उभे राहिले.

"म्हणजे सोमवारी तुम्ही टोफू न्यायला येणार?" ओझेकीबाईंनी हळूच विचारलं.

"येईन म्हणतो."

"आता तुमच्या तोंडाकडे मी बघू कशी? सगळं बोलून बसले मी!"

निरोप देऊन झालेल्या माणसाबरोबर घरी चालत कसं जायचं, हे कुणालाच कळेना. रस्ता तर एकच होता. कुणाला अचानक काम आठवलं, कुणी फलकाची घडी घालण्यात गुंतलं. मग "बरं, येतो" म्हणत एकेक जण घाईघाईनं सटकला. कुणाची अडचण होऊ नये म्हणून सेन्सेई फलाटावरच्या बाकावर अर्धा तास बसून राहिले.

नंतर ते निघाले, तर फाटकाजवळ मिनेगिशीआजी भेटल्या. गुडघ्यांमुळे त्या अर्ध्या तासात तेवढंच अंतर चालल्या होत्या.

"खोली तर मी देऊन बसले," त्या म्हणाल्या.

"हो. बघतो कुठेतरी."

 दहाबारा पावलं गेल्यावर आजी पुन्हा थांबल्या.

"त्या पोराला मी आधीच विचारलं होतं, पायपेटी वाजवता येते का म्हणून. नाही म्हणाला. पण दुसरं कुणी मिळेना."

"पायपेटी?"

"तुम्ही संध्याकाळी वाजवता ना." आजींनी समोर उतारावर नजर ठेवली होती. "माझ्या घरात माडीवरची खोली रिकामी आहे. सामान तुम्हालाच हलवावं लागेल. तिथे बसून वाजवलंत तर मला खाली बसून ऐकता येईल. अकरा वर्षं भिंतीला कान लावून लावून मान धरलीय माझी. चला, हात द्या."