बंद दुकानाची तपासणी

"हे बघा, साहेब जाईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही!" मास्तरीणबाईंनी आपल्या शिंपी नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. साथीमुळे बंद पडलेल्या छोट्या दुकानांना सरकार मदत देणार होतं. अट एकच, दुकान खरोखर बंद हवं. ते बघायला आज तपासनीस येणार होते. मदत मिळाली तर दुकान तगणार, नाहीतर तीस वर्षांची जागा महिनाअखेर सोडायची.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मास्तर पुटपुटले. पण त्यांची बोटं मांडीवर उगाच टीप मारत होती. चार महिने हाताला काम नाही, बिचाऱ्यांना करमेना झालं होतं.

तपासनीस आले, तोंडाला मास्क, काखेत फाईल. मशीनवरची धूळ पाहून मान डोलावली. मग कापायच्या टेबलाखाली काही लपवलंय का म्हणून वाकले, आणि टर्रर्र! पँट मागून उसवली ती थेट पट्ट्यापर्यंत.

"अगं बाई!" मास्तरीणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"साहेब, पडद्यामागे जा आणि पँट इकडे द्या," मास्तर म्हणाले.

"अहो, मशीन नाही हं!"

"अगं, माझ्या दारातून माणूस असा बाहेर जाईल?"

झालं! मशीन खडखडलं आणि अख्ख्या गल्लीने कान टवकारले. पहिल्यांदा शेजारच्या आजी दुलई घेऊन हजर. "उघडलंत एकदाचं! देव पावला."

"दुकान बंद आहे हो, आजी," मास्तरीणबाई पडद्याकडे बघत कळवळून म्हणाल्या.

"मग हा आवाज काय मांजराचा?"

मागोमाग दवाखान्यातली नर्स आली. दिवसरात्र राबून बिचारी इतकी वाळली होती की युनिफॉर्म खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. तिच्यामागे आणखी चौघं. प्रत्येकाचं पालुपद एकच, "पैसे मात्र सवडीने हं, मास्तर."

"असू दे हो, असू दे!" मास्तर गळ्यात टेप टाकून नव्या नवरदेवासारखे खुलले होते. इतक्या दिवसांनी त्यांना हसताना पाहून बाईंना भरून आलं, आणि त्याच वेळी रडूही आलं. गेली मदत! हातातोंडाशी आलेला घास गेला.

"अहो मास्तर, माझी पँट!" पडद्यामागून आवाज आला. परक्या आवाजाने दचकून गिऱ्हाइकांनी शिवायचे कपडे टेबलावर टाकून पळ काढला.

पँट चढवून साहेब बाहेर आले. "किती झाले?"

"छे छे! दुकान बंद आहे ना, साहेब. बंद दुकानात पैसे कसे घेणार?"

साहेबांनी फाईल उघडली. बाईंनी डोळे मिटले.

"सहा गिऱ्हाइकं आली आणि गल्ल्यात दमडी पडली नाही," साहेब म्हणाले. "बाई, इतकं बंद दुकान मी आजवर पाहिलं नाही." आणि त्यांनी मंजुरीचा शिक्का हाणला.

दारापर्यंत जाऊन ते अवघडून मागे वळले. "शर्टाचं बटणही लोंबतंय. उद्या आलो तर चालेल?"

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. "या की," त्या म्हणाल्या, "उद्याही दुकान बंदच आहे."